एक म जास्तीचा

२६ ऑक्टोबर, रविवार

हललं: ११ वेळा.

वर्षा सिस्टरनं सांगतलं, जेवल्यावर मोनालीच्या पोटातलं लेकरू किती वेळा हलते ते रोज लिवून ठेवा. कृषी केंद्राची डायरी घरात कोरीच पडून होती. सून म्हणे, आई, मी लिवते ना. मी म्हटलं, अवं, मी चौथी पास हाय. आमच्या वक्ताची चौथी म्हणजे आताची बारावी.

पण हललं लिवाले एक ओळ लागते अन् पान केवढं मोठं. बाकीची जागा वाया कायले घालवायची. कोणी वाचणार नाई. बाबारावले चष्म्याशिवाय दिसत नाई अन् चष्मा माह्याजवळ राहते.

पयल्या पानावर घरच्या माणसाईची माहिती लिवायची जागा हाय. लिवली. मी नलू. बाबाराव, नवरा. मोनाली, लेक, पयलं बाळंतपण म्हणून पांढरकवड्याहून आणलेली. संघर्ष, पोरगा, लोहाऱ्याले कंपनीत, हप्त्यातून एक दिवस घरी. सून, अन् तिची तीन वर्षाची सलोनी. सुनेचं नाव ममता हाय, पण त्या नावानं तिले कोणी हाक मारत नाई. मी अवं म्हणते. बाबाराव सलोनीची माय म्हणते. संघर्ष तं हाकच मारत नाई, नुसता खाकरते.

आजपासून ठरवलं. बाळंतपण होतवरी कोणाले लागेल असं बोलायचं नाई. डॉक्टरीन बाईच्या कामात पडायचं नाई. अन् मोनालीजवळ आत मीच राहीन. आता सरकारी दवाखान्यात नवा नियम हाय, बाळंतपणाच्या खोलीत बाईजवळ घरची एक बाई राहू देते. तिले सोबतीण म्हणते. सोबतीण मी. याच्यात विचारासारखं काई नाई.

मोनालीच्या वेळी माही माय उंबऱ्याबाहेर बसून राह्यली होती. मी आत मरून राह्यली होती अन् ती बाहेर. हे मी तिले ती जातवरी ऐकवलं. माह्या लेकीवर ते पाळी येणार नाई.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हललं: १३.

विहीण पंचफुलाबाईचा, म्हणजे मोनालीच्या सासूचा फोन. रोज सकाळी सातले येते. गोड बोलते. गोड बोलणाऱ्या बाईवर माहा भरोसा नाई. म्हणे, तारीख जवळ आली, मी येऊन राहू का दोन रोज. मी म्हटलं, बाई, इथं बायाचा दुष्काळ नाई पडला. तिनं फोन ठेवला.

समजलं मले. सोबतीण व्हाले टपून हाय. नजर ठेवा लागन.

मोनाली म्हणे, आई, असं कोणी बोलते काय. मी काई लागेल असं बोल्ली नव्हती. दुष्काळाचं बोल्ली होती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ६

आज तारीख. सोनोग्राफीच्या कागदावर छापलेली. बॅग भरून दाराशी ठेवली. गोधडी, जुनी लुगडी, तूप, थर्मास. ऑटोवाल्या पूनमसिंगले सांगतलं, आज दुसरं भाडं घेऊ नको.

दुपारी ४

हललं: १२. कळ: नाई. पूनमसिंग तीनदा पुसून गेला. चौथ्यांदा म्हणे, मावशी, भाडं घेऊ का नको घेऊ. मी म्हटलं, घे. तोही दगाबाज, लगेच गेला.

संध्याकाळी

काई नाई. तारीख छापता तं पाळा ना. राळेगावची यष्टी बी लेट येते, पण येते तं. मोनाली म्हणे, आई, ते अंदाजाची तारीख राहते, मागंपुढं होते. मी म्हटलं, तुह्या सासरचं रक्त हाय, लग्नात वरात बी तीन घंटे लेट आणली होती. मोनाली रडली. गरोदरपणात येते असं रडू. माह्या बोलण्याचा काई संबंध नाई.

१ नोव्हेंबर, शनिवार

हललं: १०.

दवाखान्यात गेलतो. डॉक्टरीन बाईनं मोनालीले आतून तपासलं. मंग वर्षा सिस्टर बाहेर येऊन म्हणे, स्कोर तीन हाय. मी म्हटलं, कितीपैकी. म्हणे, तेरापैकी.

तेरापैकी तीन! अन् तेरा हा काय आकडा हाय. पेपर शंभराचा राहते, पन्नासाचा राहते. तेराचा पेपर कोणत्या मास्तरनं काढला. सिस्टर म्हणे, बिशप नावाचे डॉक्टर होते, त्यायची पद्धत हाय. मी म्हटलं, बिशप तं चर्चमंदी राहते, आमच्या पोरीच्या पिशवीशी त्यायचं काय काम. सिस्टरनं कपाळाले हात लावला. थकलेली दिसत होती.

मंग तिनं नीट सांगतलं. पाच गोष्टी पाहते. पिशवीचं तोंड किती उघडलं. किती पातळ झालं. कडक हाय का नरम. मागं फिरलेलं हाय का समोर आलं. अन् लेकराचं डोकं किती खाली उतरलं. ह्या पाचाचे मार्क. आठच्या वर गेलं तं कळा आणायचं सलाईन लावलं की काम होते. कमी असलं तं आधी तोंड पिकवा लागते. न पिकवता कळा आणल्या तं आतून धक्के अन् दार बंद, बाईचे हाल.

मी म्हटलं, कडक म्हणजे कसं कडक. सिस्टर म्हणे, नाकाच्या शेंड्यासारखं. नरम म्हणजे ओठासारखं. मोनालीचं अजून नाक हाय, ओठ झालं पाह्यजे. मी तिथंच माहं नाक दाबून पाह्यलं, मंग ओठ. समजलं. मंग बाबारावचं नाक दाबलं. तो म्हणे, माहं कायले दाबते, मले कुठं मोकळं व्हायचं हाय.

डॉक्टरीन बाई म्हणे, घरी चालूफिरू द्या, बुधवारी दाखवा. पुढच्या शनिवारपर्यंत आपोआप नाई झालं तं भरती करू. अन् लेकरू कमी हलून राह्यलं असं वाटलं तं वाट पाह्यची नाई, उठून यायचं. सून अशी मान हलवून राह्यली जसं तिलेच सांगतलं.

बारावीत अठ्ठ्याहत्तर टक्के घेणारी माही पोरगी. नापास. तेही माह्या घरी, माह्या हातचं खाऊन.

यष्टी स्टँडावर शेजारची सोनीबाई भेटली. काय म्हणे डॉक्टर, म्हणे. मी म्हटलं, तीन मार्क, तेरापैकी. लपवायसारखं काय हाय.

२ नोव्हेंबर, रविवार

हललं: १२.

सकाळी चक्कीवर हंसाबाईनं मोनालीले विचारलं, काहून वं, तुह्या पिशवीले तीनच मार्क पडले म्हणे? पोरगी दळण तिथंच टाकून घरी आली. म्हणे, आई, माह्या आंगातली गोष्ट तू स्टँडावर सांगतली? मी म्हटलं, मार्क नोटीस बोर्डावर लावते लोक. म्हणे, तू मले आयुष्यभर बोर्डावरच लावलं.

दिवसभर माह्याशी बोल्ली नाई. सुनेशी मात्र बोल्ली. मागच्या अंगणात दोघी तूर सोलत बसल्या होत्या अन् हसत होत्या. मी गेली तं हसणं बंद.

मी मनाले लावून नाई घेत. मनातून ठरवलं: बुधवारी आठ मार्क आणून दाखवीन. सिस्टर म्हणन, नलूबाई, हे कसं केलं.

सकाळ-संध्याकाळ विहाराच्या पायऱ्या चढवायच्या. अकरा पायऱ्या. रोज वाकून झाडू. गरम दुधात तूप. अन् एरंडेल, जे आमच्या सासूनं मले देलं होतं अन् मी अर्ध्या घंट्यात मोकळी झाली होती. बाबाराव म्हणे, मोकळी झाली होती, पण लेकरू तीन दिवसानं झालं. त्याले काय आठवते.

३ नोव्हेंबर, सोमवार

हललं: ११.

विहाराच्या पायऱ्या दोनदा. मोनाली म्हणे पुरे. मी म्हटलं, अजून एकदा. ती पायरीवरच बसली. बाबासाहेबाच्या फोटोखाली बसून माह्याकडं अशी पाह्यली जसं मी कायदा मोडून राह्यली.

दुपारी एरंडेल. दुधाच्या गिलासात टाकून, साखर घालून, सुनेजवळ देलं अन् सांगतलं, मोनालीले पाज. मी चुलीकडं गेली. घंट्याभरानं विचारलं, काई फरक? मोनाली म्हणे, नाई. मी म्हटलं, कडक हाय माही पोरगी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हललं: १३.

फरक पडला. बाबारावले. कालपासून डबा घेऊन वावराकडं सात चकरा. गिलास सुनेनं त्याच्यासमोर ठेवला होता. विचारलं तं म्हणे, आई, मामंजी म्हणे दूध हाय का, मी देलं. अन् सिस्टरनं एरंडेल द्यायचं नाई म्हणून सांगतलं होतं, तुम्ही नाक दाबत होत्या तवा.

म्हणजे हे फितूर. साधी दिसते पण पक्की हाय. सिस्टरचं ऐकते, सासूचं नाई.

बाबाराव खाटेवर पडून म्हणे, नले, माह्या पिशवीले किती मार्क देशीन. मी चष्मा देला नाई दिवसभर.

५ नोव्हेंबर, बुधवार

हललं: १२.

चार.

पायऱ्या, झाडू, तूप, अन् चार. वाढला तो मार्क कशाचा, तं तोंड जरा नरम झालं म्हणे. नाकाहून ओठाकडं निघालं हाय, पोचलं नाई. मी म्हटलं, सिस्टर, नीट तपासा, एखादा मार्क राह्यला असन. सिस्टर म्हणे, मावशी, हे रिचेकिंगचं काम नाई.

पण आजचा दिवस माहा हाय. काहून तं लिवते.

सिस्टरनं सगळ्यायले बाहेर काढलं. म्हणे, मले मोनालीशी एकटीशी बोलायचं हाय, नियम हाय. मी म्हटलं, मी आई हाय. म्हणे, म्हणूनच. मी नळावर पाणी भराले गेली. परत आली तं सिस्टर फाईल टेबलावर ठेवून फोनवर बोलत होती. वरचाच कागद. सोबत राहणाऱ्या बाईचं नाव. मी माणूस प्रामाणिक, वाचणार नव्हती. पण अक्षरं माह्याकडं तोंड करून होती.

म. म. ता.

माता!

म्हणजे आई. म्हणजे मी. शुद्धलेखनाची बोंब हाय, काना विसरली अन् एक म जास्तीचा लिवला. सरकारी माणसं घाईत लिवते. पण अर्थ लागते ना. माता ते माताच.

मी कोणाले काई बोल्ली नाई. बाहेर येऊन मोनालीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती दचकली. सवय नाई तिले. सून जमिनीकडं पाहत होती. आपलं नाव नाई लागलं म्हणून वाईट वाटलं असन. मी मोठ्या मनानं म्हटलं, अवं, तुही बी पाळी येईन कधी. ती म्हणे, हो आई.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हललं: १०.

पंचफुलाबाईचा फोन सातले. आज मीच उचलला. म्हटलं, बाई, तुमच्या माहितीसाठी सांगते, सोबतीण म्हणून कागदावर माता लिवलेलं हाय. ती जराशी थांबली. मंग म्हणे, हो का. अन् म्हणे, बरं झालं, पोरीच्या मनाचं झालं. हार मानली बाईनं. हार मानताना बी गोड बोलते.

आत काय म्हणायचं ते पाठ केलं. कमीच बोलायचं. फक्त, जोर लाव, आवाज करू नको, दात आवळ, सिस्टरकडं पाहू नको माह्याकडं पाह्य, पाय हलवू नको, मी तं वावरातून येऊन संध्याकाळी संघर्षले जन्म देला होता, अन् अजून जोर लाव. एवढंच. जास्त नाई.

भाकरी टाकता टाकता म्हणून पाह्यलं. सुनेच्या हातचं पीठ सांडलं. म्हणे, आई, माह्या वेळी... अन् थांबली. मी म्हटलं, बोल. म्हणे, काई नाई.

तिच्या वेळी मी आतच होती, सलोनीच्या वेळी. तवा असा कडक नियम नव्हता. लय मदत केली. मंग तेव्हाच्या सिस्टरनं मले इज्जतीनं बाहेर आणलं, खुर्ची देली, पाणी देलं, अन् दाराले आतून कडी लावली. एवढा मान ह्या गावात कोण्या सासूले भेटला नाई.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९

हललं: ४.

झोपलं असन. आज्यावर गेलं. बाबाराव बी सकाळचा असाच पडून राहते. वेचणीले बाई भेटत नाई, कापूस वावरात लोंबून राह्यला. दोन फेरे वेचून येते. उद्या तं भरतीच करायचं हाय. सुनेले सांगतलं, दुपारी पुन्हा मोज.

दुपारी दीड

घराले कुलूप. डायरी माह्या थैलीत होती म्हणून ओट्यावर बसून लिवते.

सोनीबाई भिंतीवरून म्हणे, तू वावरात गेली तशीच तुह्या सुनेनं पूनमसिंगले बोलावलं, मोनालीले दवाखान्यात नेलं, सलोनी माह्याजवळ हाय. बाबाराव बी संगं गेला. मी म्हटलं, अन् मले? सोनीबाई म्हणे, तुले फोन केलता सुनेनं. फोन कपाशीच्या गाठोड्यावर ठेवला होता, गाठोडं फाट्यावर होतं.

म्हणजे मी वावरात अन् हे सगळे मिळून. नवरा बी. बॅग बी. थर्मास बी नेला. माहं काईच ठेवलं नाई.

सायंकाळी ५, दवाखान्यात

यष्टीनं आली. उभ्यानं.

मोनालीच्या पोटाले पट्टा लावून ठोके पाह्यले, ठोके बराबर हाय. पण लेकराभवतीचं पाणी कमी झालं म्हणे. डॉक्टरीन बाई म्हणे, बरं झालं लगेच आणलं, कोणी आणलं. सगळे सुनेकडं पाहून राह्यले. मी म्हटलं, चार मी मोजले होते. डॉक्टरीन बाई म्हणे, मंग चारवर थांबल्या काहून.

वावराची माती पायाले होती, ते पुसत बसली.

आजच काम सुरू करणार. स्कोर चारच, म्हणून आधी तोंड पिकवणार. कशानं, तं फुगा. पिशवीच्या तोंडात रबराची नळी घालते, पुढं बारका फुगा, त्याच्यात पाणी भरते, तो दाबून दाबून तोंड उघडते. मी म्हटलं, फुगा? वाढदिवस हाय काय. सिस्टर म्हणे, हो मावशी, उद्याच हाय. बाजूच्या खाटेवरच्या बाया हसल्या. मोनाली बी हसली. हप्त्याभरानं हसली, माह्या बोलण्यावर.

उद्या आत गेल्यावर असंच हसवायचं. पाठ केलेलं जरा कमी करते.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९

फुगा आपोआप पडला. म्हणजे तोंड उघडलं. सिस्टरनं तपासलं. नऊ!

आठ म्हटले होते, नऊ आणले. विहाराच्या अकरा पायऱ्या, तूप, अन् माही जिद्द. फुगा निमित्ताले.

राजदीप जावई पांढरकवड्याहून आला. मी त्याले म्हटलं, तुमची बायको फर्स्ट क्लासमंदी पास. तो पाया पडला. बरा पोरगा हाय, मायसारखा नाई.

११.१५

सलाईन लागलं. कळा सुरू. मी तोंड धुतलं, निळं लुगडं नेसली, बांगड्या काढून बाबारावजवळ देल्या, आत टोचू नये म्हणून. दाराजवळ उभी हाय. पाठ केलेलं आता तीनच गोष्टीवर आणलं.

१२.१०

हे काय झालं ते लिवून ठेवते.

वर्षा सिस्टर दारात आली अन् म्हणे, ममता कोण हाय?

मी म्हटलं, मीच. म्हणे, तुमचं नाव ममता? मी म्हटलं, माता. मी माता. सिस्टर म्हणे, ममता. ममता संघर्ष गजभिये.

बाकावरून सून उठली. थर्मास माह्या हातात देला. म्हणे, आई, जराशी गरम पेज हाय, तुम्ही घ्या. अन् आत गेली. चप्पल काढून, पाय पुसून, डोक्यावर टोपी घालून, जसं सगळं आधीच माहीत.

मी सिस्टरले म्हटलं, चुकी झाली, कागदावर माता लिवलं हाय, मी डोळ्यानं पाह्यलं. सिस्टरनं फाईल आणली. बोट ठेवून पयलीच्या पोराले वाचून दाखवते तसं दाखवलं. म. म. ता.

मी म्हटलं, आत माही लेक हाय. सिस्टर म्हणे, नाव तिनंच देलं मावशी. मी म्हटलं, तुम्ही शिकवलं असन. विहिणीनं शिकवलं असन. सिस्टर म्हणे, मी एवढंच विचारलं, कोण जवळ असलं तं तुले बरं वाटन. मी म्हटलं, मंग काय म्हणे?

सांगत नव्हती. मी दार धरून ठेवलं तवा सांगतलं. म्हणे, आईसमोर मले रडता येत नाई. वहिनीसमोर येते.

मी म्हटलं, मी तिले समजावते, एक मिनिट आत जाऊ द्या. सिस्टर म्हणे, मावशी, आज दोन तोंडाची गोष्ट हाय. तिच्या पिशवीचं उघडलं. तुमचं आता मिटा.

कडी लागली. आतून. खुर्ची बी नाई देली ह्या वेळी.

२.३०

आतून मोनालीचा आवाज येते. मोठा. मी तिले लहानपणी बी एवढ्यानं रडताना ऐकलं नाई. मंधात मंधात वहिनी, वहिनी. एकदा आई म्हणाली. मी उठली. बाबाराव म्हणे, बस, कळ आली की सगळेच आई म्हणते, मी बी म्हटलं होतं परवा डबा घेऊन.

मी म्हटलं, हे तुह्या घराचे संस्कार हाय. मायले बाहेर ठेवते पोरगी. मी माह्या मायले असं केलं असतं काय.

बाबारावनं माह्या बांगड्या बाकावर ठेवल्या. मंग म्हणे, नले, तुही माय तूच बाहेर ठेवली होती. तू सुईणीले ओरडून म्हटलं, ह्या बुढीले आत येऊ देऊ नका, हे बडबडते. मी अंगणात होतो. म्हातारी उंबऱ्यावर बसून राह्यली, दिवसभर, पाणी बी नाई पेली.

मले आठवत नाई. असं काई झालं नसन. बाबारावले परवाची भाजी आठवत नाई, त्याले तीस वर्षाचं काय आठवते.

पण पाणी पेली नाई हे खरं हाय. हे माय बी म्हणे. मी म्हणत होती, कोणी नको म्हटलं होतं तुले पाणी प्याले.

४.४०

पोरगी झाली. रडली. मी दाराबाहेरून ऐकलं. वजन बरं हाय, दोघी बऱ्या हाय.

सून बाहेर आली. डोळे लाल. उजव्या मनगटावर मोनालीच्या नखाच्या खुणा, चार, एकीतून रक्त आलेलं. ती झाकून राह्यली होती, मी हात धरून पाह्यलं. ह्या खुणा माह्या हातावर पाह्यजे होत्या. बांगड्या काढून ठेवल्या होत्या मी.

ती म्हणे, आई, काई तरी खाल्लं का तुम्ही. थर्मास तसाच होता.

९ नोव्हेंबर, रविवार

पंचफुलाबाई आली. जयभीम घातला, लाडू आणले. मी म्हटलं, तुम्हाले बी बाहेरच बसा लागलं असतं, बरं झालं काल नाई आल्या. ती म्हणे, मले माहीत होतं ना बाई, मोनालीनं बुधवारीच फोन केलता, वहिनीचं नाव देलं म्हणून. गुरुवारी तुम्ही सांगतलं तवा माह्या तोंडून निघत होतं, पण म्हटलं, पोरगी सांगन.

म्हणजे बुधवारपासून सगळ्यायले माहीत. विहिणीले, सुनेले, सिस्टरले. पूनमसिंगले बी असन. मीच तेवढी गावभर सांगत होती.

मोनालीनं लेकरू माह्या मांडीवर देलं. म्हणे, आई, डोकं धर नीट. मी म्हटलं, मले शिकवते काय. मंग नीट धरलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सुट्टी झाली. पूनमसिंगचा ऑटो. मोनाली अन् लेकरू मंधात, मी एका बाजूले, सून दुसऱ्या बाजूले. बाबाराव समोर, पूनमसिंगजवळ, रस्ताभर गाडी कशी चालवायची ते सांगून राह्यला. घरात कोणालेच गप बसता येत नाई.

रस्त्यात लेकराचं कार्ड वाचलं. वर्षा सिस्टरचंच अक्षर, तोच निळा पेन. मातेचे नाव: मोनाली राजदीप मेश्राम.

माता. पयला म, त्याले काना. एकच म. बराबर लिवलं. काना कुठं लागते ते तिले माहीत हाय.

घरी आल्यावर डायरी काढली. हललं लिवायचं आता काई राह्यलं नाई. पान कोरं होतं म्हणून लिवून पाह्यलं, घरात ज्या नावानं कोणी हाक मारत नाई ते. ममता. पुन्हा लिवलं, सावकाश. ममता. मोजले.

दोनच म लागते. जास्तीचा एकही नव्हता.